व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मरची घुमघुम रात्री का वाढते आणि ती कशी कमी करावी?

परभणीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

गेल्या चार महिन्यांपासून मी घरीच एक छोटा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, बांधत आहे. माझ्या वडिलांचे परभणीत रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. ते बंद होऊन बराच काळ लोटला, पण माळ्यावरच्या लोखंडी पेटीत बीईएलच्या (भारत इलेक्ट्रॉनिक्स) मूळ खोक्यांत जपून ठेवलेले दोन ईएल८४, तीन ईसीसी८३ आणि एक ईझेड८१ असे व्हॉल्व्ह मला मिळाले. ते चालू स्थितीत आहेत हे कळल्यावर त्यांतून एकदा तरी गाणे वाजले पाहिजे, असे मनाने घेतले. सध्या एकाच चॅनेलचे काम केले आहे. पुढे ईसीसी८३, त्यानंतर सिंगल-एंडेड पद्धतीने (आउटपुटला एकच व्हॉल्व्ह) जोडलेला एक ईएल८४, एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ईझेड८१, त्यामागे ४७ मायक्रोफॅरडचा पहिला कपॅसिटर, २२० ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर आणि पुन्हा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अशी साधी मांडणी आहे.

पॉवर ट्रान्सफॉर्मर (२५०-०-२५० व्होल्ट आणि ६.३ व्होल्ट) आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर (५ किलोओहम ते ८ ओहम) हे दोन्ही मी गावातल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून भरून घेतले. चॅसीसाठी कूलरचे पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून जीआय पत्रा वाकवून घेतला. दोन्ही ट्रान्सफॉर्मर मागच्या बाजूला शेजारी शेजारी, एकाच दिशेने तोंड करून बसवले आहेत आणि त्यांच्या मध्यबिंदूंमध्ये साधारण ९ सेंटिमीटर अंतर आहे.

गाण्याचा आवाज गोड येतो, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु व्हॉल्यूम पूर्ण बंद असतानाही स्पीकरमधून सतत घुमघुम ऐकू येते. शिवाय ट्रान्सफॉर्मर स्वतःही गुणगुणतो आणि चॅसीवर तळहात ठेवला की ती थरथर हाताला जाणवते. विशेष म्हणजे दुपारी हा त्रास कमी असतो आणि रात्री दहानंतर, म्हणजे शांतपणे ऐकायला बसावे त्याच वेळी, तो इतका वाढतो की हळू आवाजातला आलाप त्यात बुडून जातो. कपॅसिटर बदलून पाहिले, शंभर मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर शेवटी वाढवूनही पाहिला, पण फरक फारच थोडा पडला. एका मित्राने अर्थिंगची पिन काढून पाहण्यास सांगितले आहे, तथापि ते करण्याचे धाडस होत नाही. मी कोणत्या क्रमाने पुढे जावे, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे, ही विनंती.

नांदेडकर

परभणीकर दादा, सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. अर्थिंगची पिन कोणत्याही परिस्थितीत काढू नका. आपल्या चॅसीच्या आत तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी आणि २३० व्होल्ट एसी आहे. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन एखाद्या दिवशी फुटले, तर त्या क्षणी फ्यूज उडवून तुम्हाला वाचवणारी तीच एक तार आहे. तुमचे मन कचरले, हे योग्यच झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या वर्णनात दोन वेगळे आवाज एकत्र आले आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांतून थेट हवेत येणारी गुणगुण हा एक, आणि स्पीकरमधून येणारी घुमघुम हा दुसरा. दोघांचा उगम कधी एक असतो, कधी नसतो, पण उपाय मात्र जवळजवळ नेहमीच निराळे असतात, म्हणून त्यांची फारकत आधी करावी. स्पीकर काढून त्याच्या जागी ८ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा, कारण ईएल८४ला भाराविना चालवणे आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी धोक्याचे असते. त्या अवस्थेत जो आवाज कानावर येईल, तो केवळ ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा आणि चॅसीचा. चुंबकीय क्षेत्र बदलले की लोखंडी पत्रा अतिसूक्ष्म प्रमाणात लांबतो आणि आखडतो, आणि एका आवर्तनात हे दोनदा घडते, म्हणून आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरच्या अंगची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झची असते.

स्पीकरमधल्या आवाजाची छाननी कानाने आणि मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या एखाद्या ॲपने करता येते. गाण्याचा कान असेल तर एक ढोबळ खूण सांगतो. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. तुमची घुमघुम त्या खर्जाच्याही बरीच खाली असेल, तर ती ५० हर्ट्झची आहे. खर्ज आणि षड्ज यांच्या मधोमध कुठेतरी बसत असेल, तर ती १०० हर्ट्झची आहे. ॲपमध्ये ५०, १५०, २५० असे विषम पटीचे सुळके दिसले, तर संशय ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर सांडणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर घ्यावा, आणि १००, २००, ३०० असे दिसले, तर रेक्टिफायरनंतरच्या फिल्टरवर किंवा त्याच्या ग्राउंडच्या जोडणीवर. मोबाइलचा माइक ५० हर्ट्झला कच्चा असतो, म्हणून तो स्पीकरच्या कोनाला अगदी चिकटवून धरावा.

यानंतरची चाचणी सर्वांत मोलाची आहे. वीज बंद करा, कपॅसिटर पूर्ण रिकामे झाल्याची मल्टिमीटरने खात्री करा आणि ईसीसी८३ काढून पुन्हा चालू करा. घुमघुम गेली, तर दोष पहिल्या टप्प्यात, म्हणजे तिथल्या फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) तारांत, ग्रिडच्या (सिग्नल घेणाऱ्या जाळीच्या) तारेत किंवा ग्राउंडच्या जोडणीत आहे. ती तशीच राहिली, तर त्याच काळजीने ईएल८४ही काढा. दोन्ही व्हॉल्व्ह नसताना भार उरत नाही आणि डीसी व्होल्टेज साडेतीनशेच्या वर चढते, तेव्हा कपॅसिटर ४५० व्होल्टचे आहेत ना, हे आधी पाहून घ्या. एकही व्हॉल्व्ह काम करत नसताना स्पीकरमधून घुमघुम येत राहिली, तर तिचा सर्किटशी काहीच संबंध नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये वीज निर्माण करत आहे, असा त्याचा अर्थ होतो आणि कितीही कपॅसिटर वाढवले तरी ती कमी होणार नाही. तुम्ही सांगितलेली मांडणी पाहता मला हीच शंका सर्वाधिक वाटते.

एक मोजमाप आणखी करा. ॲम्प्लिफायरमधले सर्व व्हॉल्व्ह काढून, पॉवर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (घरच्या विजेला जोडायचे वाइंडिंग) तेवढी विजेवर ठेवून, ती रिकामी किती विद्युतप्रवाह घेते ते दुपारी आणि रात्री मोजा आणि त्या त्या वेळचे घरातले व्होल्टेजही लिहून ठेवा. रात्री त्रास वाढतो, या तुमच्या वाक्यात मला उत्तराचा अर्धा भाग दिसतो.

जालनेकर

नांदेडकरांच्या क्रमाशी पूर्ण सहमत आहे. फक्त फिलामेंटविषयी थोडेसे जोडतो. ६.३ व्होल्टच्या दोन्ही तारा घट्ट पीळ देऊन चॅसीच्या कोपऱ्यातून न्याव्यात आणि सॉकेटवर ग्रिडच्या पिनपासून दूर ठेवाव्यात. वाइंडिंगला मध्यबिंदू काढलेला नसेल, तर दोन्ही टोकांना १०० ओहमचा एक एक रेझिस्टर लावून त्यांचा सांधा हा कृत्रिम मध्यबिंदू समजावा. तो सांधा सरळ ग्राउंडला न जोडता एचटीवरून (व्हॉल्व्हना मिळणाऱ्या उच्च दाबाच्या डीसीवरून) रेझिस्टरच्या विभागणीने घेतलेल्या ३० ते ५० व्होल्ट डीसीवर टेकवला, तर ईसीसी८३च्या फिलामेंटपासून कॅथोडकडे झिरपणारी घुमघुम पुष्कळ कमी होते. त्या बिंदूवर एक कपॅसिटर मात्र हवा.

दुसरे असे की घरात इन्व्हर्टर असेल आणि लाइट गेल्यावर ॲम्प्लिफायर त्यावर चालत असेल, तर त्या वेळच्या आवाजावरून कोणताही निष्कर्ष काढू नका. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कोणताही ट्रान्सफॉर्मर करकरतो. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तरच चाचणीला अर्थ आहे. आमच्या भागात स्टीलच्या भट्ट्या आहेत आणि माझ्या घरच्या विजेची लहर ऑसिलोस्कोपवर पाहिली, तर तिचे माथे चपटे झालेले दिसतात. ज्यांनी टोरॉइडल (कड्यासारख्या गोल गाभ्याचा) ट्रान्सफॉर्मर वापरला आहे, त्यांनी विजेत मिसळलेल्या थोड्याशा डीसीकडेही लक्ष द्यावे, कारण अर्ध्या लहरीवर चालणारा शेजारचा एखादा हेअर ड्रायर तेवढ्या वेळापुरता टोरॉइडला घुमवू शकतो. परभणीकरांचा ट्रान्सफॉर्मर ईआय (इंग्रजी ई आणि आय आकाराच्या) पत्र्यांचा असल्याने त्यांना ही अडचण क्वचितच येईल.

परभणीकर

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व चाचण्या केल्या, त्यांचे निकाल देत आहे.

ईसीसी८३ काढल्यावर घुमघुम किंचित कमी झाली. ईएल८४ काढल्यावर आणखी थोडी कमी झाली, पण तिचा मोठा भाग तसाच राहिला. ॲपमध्ये ५० आणि १५० हर्ट्झचे सुळके ठळक दिसतात, १००चा सुळका आहे, परंतु त्यांच्यापेक्षा लहान. म्हणजे मी चार महिने कपॅसिटरच्या मागे लागलो होतो आणि दोष शेजारी शेजारी बसवलेल्या दोन लोखंडी ठोकळ्यांमध्ये होता.

रिकामा विद्युतप्रवाह मोजला. दुपारी ३ वाजता घरात २३१ व्होल्ट होते, तेव्हा तो ९५ मिलिॲम्पिअर भरला. रात्री ११ वाजता २५२ व्होल्ट होते, तेव्हा तो थेट २१० मिलिॲम्पिअरवर गेला. व्होल्टेज जेमतेम नऊ टक्के वाढले आणि विद्युतप्रवाह दुपटीपेक्षाही जास्त झाला, हे पाहून मी मीटर दोनदा तपासला. आमची डीपी (परिसराला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) घरापासून तीन खांबांवर आहे. रात्री परिसरातला भार उतरला की व्होल्टेज वर चढते, हे बल्बच्या प्रकाशावरून जाणवत होते, पण त्याचा गाण्याशी संबंध असेल, असे कधी वाटले नव्हते.

वाइंडिंगच्या कारागिराला विचारले असता प्रायमरीला ६६० वेढे दिल्याचे त्याने वहीत पाहून सांगितले. पत्र्याची मधली जीभ ३२ मिलिमीटर आणि थर ३८ मिलिमीटर आहे.

लातूरकर

मी स्वतः ट्रान्सफॉर्मर भरतो, म्हणून या आकड्यांवर सविस्तर लिहितो. परभणीकरांनी वेढे आणि पत्र्याचे माप दोन्ही दिले, हे फार चांगले झाले, कारण आता अंदाज बांधायची गरज उरत नाही.

गाभ्याचे क्षेत्रफळ म्हणजे ३.२ गुणिले ३.८, साधारण १२.२ चौरस सेंटिमीटर. पत्र्यांवरचे वॉर्निश आणि मधल्या फटी वजा करून सुमारे ९२ टक्के लोखंड धरले, तर ११.२ चौरस सेंटिमीटर खरे लोखंड हाती येते. गाभ्यातील चुंबकीय घनता काढण्याचे सूत्र सोपे आहे. व्होल्टेजला ४.४४, वारंवारता, वेढे आणि चौरस मीटरमधील क्षेत्रफळ या चौघांच्या गुणाकाराने भागायचे. २३१ व्होल्टला उत्तर येते १.४१ टेस्ला आणि २५२ व्होल्टला १.५४ टेस्ला. स्टॅबिलायझरसाठी बाजारात मिळणारा साधा पत्रा याच पट्ट्यात संपृक्त होऊ लागतो. एकदा पत्रा तृप्त झाला की पुढचे चुंबकीय क्षेत्र वाहून नेण्यास तो तयार नसतो. प्रायमरी जास्त विद्युतप्रवाह ओढते, त्या प्रवाहाचे माथे टोकदार होतात, त्यातूनच १५० हर्ट्झ जन्मतो आणि जे क्षेत्र गाभ्यात मावत नाही ते बाहेर हवेत आणि तुमच्या जीआय चॅसीत सांडते. रात्री घुमघुम वाढण्याचे कारण एवढेच आहे. विजेचा दर्जा रात्री बिघडत नाही, तुमचा ट्रान्सफॉर्मर दुपारीच उंबरठ्यावर उभा असतो आणि रात्री तो आत जातो.

भरणाऱ्या कारागिराला मी दोष देणार नाही. त्याच्या हातून रोज पाण्याच्या मोटारी आणि स्टॅबिलायझर जातात, तिथे थोडी गुणगुण कोणालाच खटकत नाही आणि वेढे कमी दिले की तांबे वाचते, गिऱ्हाइकाचे पैसेही वाचतात. ऐकण्याच्या यंत्रासाठी मात्र हिशेब निराळा धरावा लागतो. मी व्हॉल्व्हच्या कामासाठी २५० व्होल्टला १.१ टेस्लापेक्षा जास्त कधीच जात नाही. त्याच गाभ्यावर हे साधायचे तर ९१५ वेढे लागतील आणि ते पत्र्याच्या खिडकीत, म्हणजे वाइंडिंगसाठीच्या मोकळ्या जागेत, मावणार नाहीत. म्हणून पत्रा तोच ठेवून थर ३८ऐवजी ५० मिलिमीटरचा करावा आणि बॉबिन त्या मापाचे घ्यावे. खरे लोखंड १४.७ चौरस सेंटिमीटर होते आणि सुमारे ७०० वेढ्यांत काम भागते. व्होल्टला तीन वेढ्यांपेक्षा किंचित जास्त असा हिशेब झाला, त्यामुळे ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला भाराखाली होणारी घट धरून २० वेढे पुरतील. फिलामेंटच्या व्होल्टेजकडेही दुर्लक्ष करू नका. आज रात्री २५२ व्होल्टला तुमच्या व्हॉल्व्हच्या फिलामेंटवर ६.९ व्होल्टच्या आसपास दाब येत असणार, आणि साधारणपणे दहा टक्के वर ही त्यांची मर्यादा मानली जाते. वडिलांनी जपलेले व्हॉल्व्ह आहेत, ते त्या काठावर रोज चालवू नयेत.

भरताना प्रायमरी आणि सेकंडरी यांच्या मध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक थर द्यायला सांगा, पण त्याची दोन टोके एकमेकांना टेकता कामा नयेत, मध्ये कागद हवा, नाहीतर तो पूर्ण वेढा होऊन जळेल. या पडद्याची तार अर्थला जोडायची. त्याउलट, तयार ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरून, पत्रे आणि वाइंडिंग दोन्हींना कवेत घेणारी तांब्याची रुंद पट्टी गुंडाळून तिची टोके एकमेकांना सोल्डर करायची असतात. ही पट्टी बाहेर सांडणाऱ्या क्षेत्राला विरोध करते. दोन्ही पट्ट्या तांब्याच्याच, पण एक उघडी ठेवायची आणि दुसरी बंद करायची, हा फरक कारागिराला समोर बसून समजावून सांगावा.

अंगच्या गुणगुणीसाठी वॉर्निश महत्त्वाचे. नुसते ब्रशने फासलेले वॉर्निश आत उतरत नाही. ट्रान्सफॉर्मर आधी गरम करून ओलावा घालवावा, मग तो वॉर्निशमध्ये बुडबुडे येणे थांबेपर्यंत पूर्ण बुडवून ठेवावा, निथळू द्यावा आणि पुन्हा भट्टीत भाजावा. बोल्ट भाजण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा आवळावेत. शेवटचा एखादा पत्रा ढिला राहिला, तर तेवढा एकटाच साऱ्या ट्रान्सफॉर्मरइतका आवाज करतो. तो लाकडी पाचर ठोकून बसवावा.

जाता जाता, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे पत्रे कसे भरले आहेत तेही पाहून घ्या. सिंगल-एंडेड सर्किटमध्ये त्यातून सतत डीसी वाहतो, म्हणून सगळे ई एका बाजूने, सगळे आय दुसऱ्या बाजूने आणि मध्ये कागदाची फट असे भरावे लागते. मोटारीचे काम करणारे सवयीने ते आलटून पालटून भरतात आणि मग खालचे सूर हरवतात.

नांदेडकर

लातूरकरांनी मुळालाच हात घातला. नवीन ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत, आणि आल्यावरही, जागेचा प्रश्न सोडवावा लागेल, म्हणून त्याविषयी लिहितो.

चॅसीला नवीन भोके पाडण्याआधी लाकडी पाटावर दोन्ही ट्रान्सफॉर्मर ठेवा. पॉवर ट्रान्सफॉर्मरची फक्त प्रायमरी विजेला जोडा आणि बाकीची सर्व टोके टेपने बंद करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर विजेला जोडायचा नाही, त्याच्या प्रायमरीवर मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावायचा. ५ किलोओहम ते ८ ओहम म्हणजे वेढ्यांचे प्रमाण २५ला १ असल्याने प्रायमरीकडे आकडा पंचवीस पट मोठा दिसतो आणि साध्या मीटरनेही वाचता येतो. आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवा, कुशीवर पाडा, उभा करा. एका विशिष्ट स्थितीत आकडा एकदम खाली जाईल. बहुतेकदा दोन्ही वाइंडिंगचे अक्ष एकमेकांना काटकोनात आले की हे घडते, पण पुस्तकी काटकोनावर विसंबू नका, मीटर सांगेल ती स्थिती पेन्सिलने आखून घ्या. अंतराचा परिणामही याच वेळी पाहून ठेवा. पुरेशा अंतरावर हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे अंतर दुप्पट केले की प्रभाव आठव्या हिश्शावर येतो.

जीआय पत्र्याची चॅसी ही तुमची दुसरी अडचण आहे. लोखंडी पत्रा हा चुंबकीय क्षेत्राला रस्ताच असतो आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर त्याच रस्त्यावर बसलेले आहेत. चॅसी बदलण्याची गरज नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या खाली १० मिलिमीटर जाडीचा हायलमचा (कडक इन्सुलेटिंग शीटचा) तुकडा ठेवा, पितळी स्क्रू वापरा आणि कंपनासाठी रबरी वॉशर द्या. असे केल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा चॅसीशी विद्युत संबंध तुटू शकतो, म्हणून त्याच्या बोल्टपासून अर्थच्या स्टडपर्यंत स्वतंत्र जाड हिरवी तार जोडणे अनिवार्य आहे.

उरलेल्या १०० हर्ट्झसाठी हिशेब मांडतो. तुमचे सर्किट साधारण ५६ मिलिॲम्पिअर घेत असेल, तर पहिल्या ४७ मायक्रोफॅरडवर १० ते १२ व्होल्टचा चढउतार असतो. १०० हर्ट्झला ४७ मायक्रोफॅरडचा विरोध ३४ ओहम, म्हणून २२० ओहमचा रेझिस्टर तो चढउतार फक्त साडेसहा पटीने कमी करतो. पहिला कपॅसिटर मोठा करू नका, ईझेड८१ला ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. त्याऐवजी रेझिस्टरच्या जागी चोक घाला. १० हेन्रीची चोक मिळाली तर उत्तम, न मिळाल्यास जुन्या ४० वॅटच्या ट्यूबलाइटची तांब्याची चोक वापरून पाहा. ती साधारण सव्वा हेन्रीची असते, तिच्या गाभ्यात मुळातच फट असल्याने डीसी सहन करते आणि चढउतार वीस पटीहून अधिक कमी करते. तिचे लोखंडी अंग अर्थ करावे आणि तीही आउटपुट ट्रान्सफॉर्मरपासून दूर बसवावी. यानंतर ईएल८४च्या स्क्रीनला (प्लेटच्या अलीकडच्या जाळीला) वेगळा १ किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडचा टप्पा द्या. ईएल८४सारख्या पेंटोडमध्ये (पाच इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हमध्ये) प्लेटवरचा चढउतार स्पीकरपर्यंत फारसा पोहोचत नाही, पण स्क्रीनवरचा पोहोचतो, म्हणून स्वच्छ वीज स्क्रीनला द्यायची असते.

अंबाजोगाईकर

अर्थिंगचा विषय निघाला आहे म्हणून दोन शब्द. आमच्याकडे बालाघाटाच्या डोंगरात वरचा थर हातभर मातीचा आणि खाली काळा पाषाण. परभणीकडे काळी माती खोल, पण मे महिन्यात तिला इतक्या भेगा पडतात की पाइपाभोवतीची माती सुटून बाजूला होते. दोन्हीकडे उन्हाळ्यात अर्थिंग नावापुरते उरते. कोळसा आणि मिठाचे थर देऊन केलेला खड्डा असेल, तर त्यात उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे. फेजवरून अर्थला बल्ब लावून पाहण्याची जुनी पद्धत टाळावी, कारण अर्थ खराब असेल तर घरातली सगळी लोखंडी अंगे त्या क्षणी जिवंत होतात.

अर्थिंग सुधारले म्हणजे चुंबकीय घुमघुम जाईल, असे मात्र नाही. ते सुरक्षिततेसाठी आहे. चॅसी नेहमी थेट अर्थला असावी. गाण्याच्या सर्किटचे ग्राउंड चॅसीला एकाच ठिकाणी, इनपुटच्या सॉकेटजवळ टेकवावे आणि सॉकेट स्वतः पत्र्यापासून इन्सुलेट केलेले असावे. एचटी वाइंडिंगच्या मध्यबिंदूची तार प्रथम पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला जावी आणि तिथून पुढे ग्राउंडकडे. ती तार चॅसीवर दुसरीकडे कुठेतरी जोडली, तर कपॅसिटर भरणाऱ्या प्रवाहाचे झटके पत्र्यातून वाहतात आणि करकरणारी १०० हर्ट्झची बझ येते. माझ्या पहिल्या ॲम्प्लिफायरमध्ये हीच एक तार चुकली होती आणि ती सापडायला मला पूर्ण पावसाळा लागला.

परभणीकर

दीड महिन्यानंतर लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

लातूरकरांचे आकडे कागदावर लिहून मी त्याच कारागिराकडे गेलो. त्याने ते शांतपणे वाचले, जुना ट्रान्सफॉर्मर उकलला आणि ५० मिलिमीटरच्या थरावर ७०० वेढ्यांचा नवा भरून दिला. तांब्याच्या पडद्याची तार कशासाठी, हे त्याला पटायला थोडा वेळ लागला, पण पटल्यावर त्याने टोकांमधला कागद दुहेरी घातला. वॉर्निशमध्ये बुडवल्यावर बुडबुडे येत होते, तोवर आम्ही दोघे बाजूला बसून चहा घेत होतो. शेवटचा बुडबुडा यायला जवळजवळ पाऊण तास लागला.

पाटावरच्या मोजमापात जुन्या जागेइतक्या, म्हणजे ९ सेंटिमीटर अंतरावर, जुना ट्रान्सफॉर्मर ०.९ व्होल्ट दाखवत होता. नवा तिथेच ०.३ दाखवतो. अंतर १८ सेंटिमीटर केल्यावर ४० मिलिव्होल्ट आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर फिरवून योग्य स्थिती सापडल्यावर ५ मिलिव्होल्टच्या खाली. ती स्थिती अचूक काटकोनापेक्षा थोडी तिरकी आहे, त्यामुळे चॅसीवर तो जरा वाकडा दिसतो, पण मी तसाच ठेवला आहे. काल रात्री ११ वाजता घरात २५१ व्होल्ट होते आणि रिकामा विद्युतप्रवाह ६८ मिलिॲम्पिअर.

ट्यूबलाइटची चोक जुन्या सामानातच मिळाली. अंबाजोगाईकरांनी सांगितलेली मध्यबिंदूची तार तपासली, तर माझीही चॅसीच्या दुसऱ्याच टोकाला जोडलेली होती. ती बदलताच उरलेली बारीक करकर थांबली. आता व्हॉल्यूम बंद ठेवून कान स्पीकरच्या कोनाला लावला तरच अतिशय मंद १०० हर्ट्झ जाणवतो. हातभर अंतरावर काहीही ऐकू येत नाही, आलाप संपल्यानंतरचा तानपुरा शेवटपर्यंत ऐकू येतो. वडिलांना काल रात्री ऐकवले. त्यांनी आधी गाण्याकडे नाही, ट्रान्सफॉर्मरकडे कान नेला, बोल्टवर बोट ठेवून पाहिले आणि मग खुर्चीत बसले.

दुसऱ्या चॅनेलचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर भरायला टाकला आहे, ई आणि आय वेगवेगळ्या बाजूंनी भरण्याची सूचना देऊन. दोन चॅनेलना हाच पॉवर ट्रान्सफॉर्मर पुरेल का, की एचटीच्या तारेची जाडी वाढवून पुन्हा भरावा, याविषयी लातूरकरांनी सवडीने लिहावे.

लातूरकर

फार आनंद झाला. ५० मिलिमीटरच्या थराचा गाभा दोन चॅनेलच्या मानाने पुरेसा आहे, तारेची जाडी मात्र पुरणार नाही. एचटीचा डीसी ११० मिलिॲम्पिअरच्या पुढे जाईल आणि फिलामेंटला तीन ॲम्पिअरहून अधिक लागेल. ईझेड८१ची मर्यादा १५० मिलिॲम्पिअर आहे, तिच्या आत तुम्ही राहता. दोन्ही सेकंडरी जाड तारेने भरताना खिडकी अपुरी पडू लागली, तर वेढे कमी करण्याऐवजी एक माप मोठा पत्रा घ्या. दुसरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पहिल्याच्या स्थितीची नक्कल करून बसवू नका. त्याची जागा वेगळी आहे, त्यामुळे त्याचा कोनही पाटावर ठेवून मीटरनेच शोधावा लागेल.